चांगल्या जातीची कोळंबी

यंदा रामनवमीला घरी गेलो होतो. घर म्हणजे पोहरादेवीपासून थोडं आत, वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यातला एक तांडा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, पोहरादेवी म्हणजे आम्हा बंजारा लोकांची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी, जगदंबा देवीचं मंदिर, आणि रामनवमीला देशभरातून येणारी माणसं. २०२४ च्या ऑक्टोबरात तिथे बंजारा वारशाचं मोठं संग्रहालयही सुरू झालंय. त्यामुळे गर्दी आता बाराही महिने असते, असं आमची याडी (म्हणजे आई) तक्रारीच्या सुरात सांगते आणि पाहुणे आले की स्वतःच त्यांना तिकडे घेऊन जाते. असो.

दर्शन झालं, जेवणं झाली, आणि दुपारच्या उन्हात पुतण्या म्हणाला, "काका, जरा शेतावर येता का? एक दाखवायचंय." (त्याचं नाव इथे लिहिलं तर तो रागावेल, म्हणून लिहीत नाही. तो हे वाचतो.)

दाखवायचं होतं ते शेततळं. २०१६ च्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेतलं, तीस बाय तीस मीटरचं. काळं प्लास्टिक अंथरलेलं. चैत्र संपलेला नव्हता तरी पाणी निम्म्याच्या खाली गेलं होतं. त्याच्या काठावर उभं राहून तो म्हणाला, "यात कोळंबी सोडायची. तुम्ही फक्त चांगल्या जातीचं बी आणून द्या."

मी हसलो नाही. हसायचा मला हक्कच नाही. समुद्रापासून इतक्या दूरच्या तांड्यातला मुलगा कोळंबीत शिरतो, हा विनोद आमच्या घरात मीच वीस वर्षांपूर्वी करून झालो आहे. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे, मी मिठाच्या पाण्यात नोकरी शोधली, एवढाच काय तो फरक. रत्नागिरीला शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकलो, मग पालघरच्या किनाऱ्यावर आणि दक्षिण गुजरातेत शेतांवर काम केलं. आज लोक मला विचारतात कुठल्या हॅचरीचं बी घ्यावं, आणि त्याचे मला पैसे देतात. त्यामुळे पुतण्याचा प्रश्न माझ्या धंद्यातलाच होता. तरी उत्तर देताना जीभ अडखळली.

कारण 'चांगल्या जातीचं' हा शब्द. आणि दुसरं एक कारण आहे, ते पुढे येईलच.

आधी जातीचं सांगतो. तुम्ही हॉटेलात जी कोळंबी खाता ती बहुतेक व्हॅनामी असते. तिचं मूळ घर प्रशांत महासागराचा अमेरिकेकडचा किनारा, मेक्सिकोपासून पेरूपर्यंत. आपल्याकडे आधी टायगर कोळंबी होती. समुद्रातून पकडलेल्या माद्या हॅचरीत आणायच्या, त्यांची पिल्लं तळ्यात सोडायची. १९९४-९५ च्या सुमारास पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला आणि किनारेच्या किनारे बसले. समुद्रातून आणलेली आई आपल्या अंगात काय घेऊन आलीय हे कुणालाच माहीत नसायचं. २००९ मध्ये सरकारने व्हॅनामीला व्यापारी परवानगी दिली, तीही अट घालून की जनक कोळंबी ठरावीक रोगजंतूंपासून मुक्त अशी हवी आणि चेन्नईच्या क्वारंटाइनमधून गेलेली हवी. धंद्यात तिला 'एसपीएफ' म्हणतात.

इथे एक घोळ आहे आणि तो मी हजार वेळा तरी निस्तरला असेन. शेतकरी म्हणतो, "एसपीएफ बी आहे, म्हणजे रोग येणार नाही." अहो, एसपीएफ हा गुण नाही, ती अवस्था आहे. नुकतीच आंघोळ करून आलेल्या पोराला तुम्ही 'स्वच्छ' म्हणता, पण ते चिखलात गेल्यावर स्वच्छ राहील असं त्याच्या रक्तात लिहिलेलं नसतं. एसपीएफ कोळंबी रोगाशिवाय आलेली असते, एवढंच. रोगासमोर ती टिकते की नाही हा वेगळा प्रश्न. तो आनुवंशिक आहे, आणि त्याचं उत्तर अवघड आहे.

अवघड का, ते समजायचं तर चांगली कोळंबी पैदा कशी करतात ते बघावं लागेल. (ज्यांना कंटाळा येईल त्यांनी पुढचे दोनतीन परिच्छेद सोडावेत. वहिनी, तुम्ही वाचाच.)

पैदासकाराकडे शेकडो कुटुंबं असतात. एका आईबापाची पिल्लं वेगळ्या टाकीत वाढवतात, ती दोनतीन ग्रॅमची झाली की शेपटीत रंगीत सिलिकॉनचा बारीक ठिपका टोचतात. लाल-हिरवा म्हणजे हे घराणं, निळा-पिवळा म्हणजे ते. मग सगळी घराणी एकाच तळ्यात सोडतात. एकच पाणी, एकच खाद्य. काही महिन्यांनी बाहेर काढून वजन करतात आणि कुठलं घराणं पुढे गेलं ते बघतात. सगळ्यांना एकाच तळ्यात टाकायचं ते यासाठी, की फरक दिसला तर तो पाण्याचा आहे की रक्ताचा हा वाद राहू नये. या पद्धतीने मोजलं तर वजनातल्या फरकाचा साधारण पाव ते एक तृतीयांश हिस्सा आनुवंशिक निघतो. बाकीचा बाहेरचा. हा आकडा लहान वाटेल, पण पैदासकाराला तो भरपूर असतो. दर पिढीला थोडं थोडं करत त्यातून मोठी मजल मारता येते.

रोगाचं मात्र असं होत नाही. ज्या कोळंबीला रोग लावून बघितला ती परत पैदास केंद्रात आणता येत नाही, तिच्याबरोबर रोगही येईल. म्हणून एकेका घराण्यातली काही भावंडं दूरच्या दुसऱ्या केंद्रात पाठवतात. तिथे त्यांना विषाणू देतात. किती मेली, किती जगली ते मोजतात, आणि त्यावरून मागे स्वच्छ टाकीत राहिलेल्या भावंडांची किंमत ठरवतात. मी हे पहिल्यांदा शिकलो तेव्हा वर्गात बसल्या बसल्या पोटात कसंतरी झालं होतं. का ते तेव्हा कळलं नाही.

आता गंमत बघा. हवाईमध्ये अमेरिकन संशोधकांनी दोन ओळी तयार केल्या होत्या, २००२ साली त्यांचे निष्कर्ष छापून आले. एका ओळीत फक्त वजन बघून निवड केली. दुसरीत जास्त भार टॉरा रोगापासून वाचण्यावर आणि थोडा वजनावर. (टॉरा ही इक्वेडोरमधली नदी. १९९२ मध्ये तिच्या मुखाजवळच्या तळ्यांमध्ये हा रोग पहिल्यांदा ओळखला गेला.) पहिली ओळ निवड न केलेल्या कोळंबीपेक्षा साधारण एक पंचमांश जास्त वजनाची निघाली. दुसरी रोगात जास्त वाचली, पण वजनात निवड न केलेल्यांपेक्षाही थोडी मागे पडली. पुढे कोलंबियात पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर काम झालं. तिथेही हेच, जी घराणी वजनात पुढे तीच रोगासमोर मागे, असा कल दिसला. शिवाय पांढऱ्या ठिपक्यांपासून वाचण्यात आनुवंशिक हिस्सा फारच थोडा.

म्हणजे 'चांगली जात' कुठली? स्वच्छ टाकीतली पहिली की विषाणूच्या पाण्यातली पहिली? दोन्ही पहिल्याच आहेत, आपापल्या पाण्यात.

यातही बारकावा आहे. पाणी बदललं की दोन गोष्टी होऊ शकतात. एक म्हणजे अंतर कमी होतं. चांगल्या तळ्यात जे घराणं पाच ग्रॅमने पुढे होतं ते वाईट तळ्यात एकाच ग्रॅमने पुढे राहतं. पैसे कमी मिळतात, पण बी तेच घ्यायचं. दुसरी म्हणजे क्रमांकच उलटतात. पहिला शेवटी आणि शेवटचा पहिला. तेव्हा बीच बदलायला हवं. व्हॅनामीच्या नुसत्या वजनाचं बोलायचं तर एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात गेलं तरी क्रम बराचसा टिकतो. जगण्याचा क्रम तितका टिकत नाही. म्हणूनच आता पैदासकार एकच बी विकत नाहीत. जलद वाढीची ओळ वेगळी, मध्यम वाढीची पण काटक ओळ वेगळी. इक्वेडोरने तर तिसराच रस्ता धरला. १९९९ मध्ये पांढऱ्या ठिपक्यांनी तिथला धंदा झोपवला, तेव्हा त्यांनी तळ्यात जे जगलं त्यालाच आईबाप केलं, आणि कोळंबी विरळ सोडली. सावकाश वाढली तरी चालेल, आमच्या पाण्यात जगली पाहिजे. आज जगात सर्वात जास्त कोळंबी निर्यात करणारा देश तोच आहे.

हे सगळं मी पुतण्याला तळ्याच्या काठावर सांगितलं नाही. त्याला मी आजोबांच्या ज्वारीची गोष्ट सांगितली. ती सोपी आहे आणि घरातली आहे.

आमच्या भागात संकरित ज्वारी आली ती वसंतराव नाईकांच्या काळात. नाईकसाहेब पुसदजवळच्या गहुलीचे, आमच्याच समाजातले, १९६३ पासून १९७५ पर्यंत मुख्यमंत्री. 'सीएसएच-१' हे पहिलं संकरित वाण १९६४ चं. आजोबा सांगायचे, आपला माणूस सांगतोय म्हणजे पेरायचीच. खालच्या काळ्या रानात, खत देऊन, ती ज्वारी अशी आली की लोक बघायला यायचे. नंतरच्या दुष्काळात अशा बियाण्यांनीच कित्येक चुली पेटत्या ठेवल्या, त्याचं ऋण मी तरी नाकारणार नाही. पण ही ज्वारी लवकर यायची, शंभरेक दिवसांत. पाऊस रेंगाळला की भर पावसात दाणा भरलेला. कणीस काळं पडायचं, बुरशी. गावठी ज्वारी मात्र दिवस लहान व्हायला लागले की मगच फुलायची, म्हणजे पाऊस सरता सरता. कुणीतरी तिला शेकडो वर्षं इथल्याच पावसात निवडत आणलं होतं. आमच्या वरच्या बरड रानात, खत नाही अन् पाऊस लांबलेला अशा साली, संकरितचं पोतं आणि गावठीचं पोतं शेजारी ठेवलं तर बाजारात गावठीला भाव जास्त. शिवाय कडबा. संकरित बुटकी, बैलांच्या तोंडाला कडबा पुरेना. आजोबांनी शेवटी खाली संकरित आणि वर गावठी असं वाटून टाकलं. कुठली जात चांगली असं त्यांना विचारलं तर म्हणायचे, "कुठल्या वावरात?"

पुतण्या म्हणाला, "बरं, मग आपल्या तळ्यासाठी कुठली?"

व्हॅनामीचा विषय मी तिथेच मिटवला. तिला खारं पाणी किंवा निदान त्यातले क्षार लागतात, चोवीस तास हवा मारणारी यंत्रं लागतात, आणि आमच्याकडे रात्रीची वीज कधी जाईल ते महावितरणलाही ठाऊक नसतं. गोड्या पाण्यात वाढते ती मोठी कोळंबी, स्कॅम्पी. तिच्याही पिल्लांना पहिला महिनाभर निमखारं पाणी लागतं, पण ते हॅचरीत. नंतर तळ्यात गोडं चालतं. भुवनेश्वरच्या 'सिफा' संस्थेने २००७ पासून वर्ल्डफिश या आंतरराष्ट्रीय संस्थेबरोबर तिची निवड पैदास सुरू केली. गुजरात, केरळ आणि ओडिशा अशा तीन ठिकाणच्या कोळंब्यांचा आपसात संकर करून. चांगलं काम आहे. पण ती मोजली गेली ओडिशाच्या मातीच्या तळ्यांत. आमच्या तळ्यात खाली प्लास्टिक, लपायला काही नाही, मेमध्ये पाणी तळाला आणि जानेवारीत पहाटे हवा दहा अंशांपर्यंत उतरलेली. स्कॅम्पीला अठ्ठावीस ते एकतीसच्या आसपास बरं वाटतं. वीसच्या खाली गेलं की ती खाणंच सोडते.

आणि स्कॅम्पीची आणखी एक भानगड आहे. ती मला फार आवडते आणि फार छळतेही.

एकाच आईची नर पिल्लं एका तळ्यात वाढली तरी एकसारखी होत नाहीत. काही मोठी, निळ्या नांगीची होतात, ती तळ्याची मालक. काही नारिंगी नांगीची, ती झपाट्याने वाढत असतात. आणि उरलेली बारकी राहतात, खुजी. खाद्य सगळ्यांना पुरेल एवढं टाकलं तरी. वाटतं बारक्यांच्यातच काही नाही. पण मोठ्या नांगीवाल्यांना जाळं टाकून काढून घेतलं ना, की याच बारक्यांपैकी कित्येक वाढायला लागतात. नारिंगी होतात, मग निळे होतात. वाढ त्यांच्या अंगात होतीच. मोठ्याच्या सावलीत ती निघत नव्हती. म्हणूनच तळ्यातला सर्वात मोठा नर उचलून त्याला बाप करणं हा स्कॅम्पीत मूर्खपणा ठरतो. तुम्ही चांगलं रक्त निवडलं की नुसता दांडगट निवडला हे कळत नाही. मादीच्या वजनात आनुवंशिक हिस्सा दिसतो, नराच्या वजनात तो जवळजवळ सापडत नाही, असं १९८० च्या दशकातच मोजलं गेलं होतं.

आता ते दुसरं कारण.

दादा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. दहावीनंतर तो शेतावर राहिला. बापू आजारी होते, कुणीतरी राहायलाच हवं होतं. मी आश्रमशाळेत, मग वसतिगृहात, मग रत्नागिरीला. घरी आजही म्हणतात की हुशारी धाकट्यात उतरली. त्या दुपारी पुतण्याही सहज बोलून गेला, "बाबांना हे समजत नाही काका, त्यांच्यात तेवढं नाही."

मी त्याच्याकडे बघत राहिलो. 'रक्तातच आहे', 'रक्तातच नाही' हे आमच्या लोकांनी तरी जपून बोलावं असं मला वाटतं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या, आणि वेगवेगळ्या प्रांतांतल्या याद्यांमध्ये बंजाऱ्यांचीही नावं होती. रेल्वे आल्यावर ज्यांची लदेणी गेली, बैल गेले, त्यांच्या पोटापाण्याचं काय झालं हे कुणी मोजलं नाही, मोजलं ते रक्त. तो कायदा १९५२ मध्ये गेला. शब्द राहिले. पण हे भाषण मी पुतण्याला दिलं नाही, त्याच्या वयाचा असतो तर मीही ऐकलं नसतं. मी त्याला दुसरी गोष्ट सांगितली, जी घरात दादा आणि मी सोडून कुणालाच नीट माहीत नव्हती.

२०१२ मध्ये मी आणि एका मित्राने किनाऱ्यावर दोन तळी भाड्याने घेतली होती. नोकरी करून शहाणपण आलंय असं वाटत होतं. पैसे कमी पडले. दादाने काही न विचारता बैलजोडी विकली आणि पैसे पाठवले. याडीला सांगितलं, बैल म्हातारे झाले होते. झाले नव्हते. मी एका हॅचरीतून सर्वात जलद वाढीचं, सर्वात महाग बी आणलं आणि दाटीने सोडलं, दर चौरस मीटरला साठ. शेजारच्या तळेवाल्याने साधं, काटक म्हणून विकलं जाणारं बी आणलं होतं, पंचवीसच्या हिशोबाने सोडलेलं. मी त्याला हसायचो. चाळिसाव्या दिवशी माझी कोळंबी त्याच्यापेक्षा स्पष्ट मोठी होती. चेक ट्रेचा फोटो काढून दादाला पाठवायची सोय तेव्हा असती तर पाठवला असता. फोनवर सांगितलं, "जातच तशी आहे रे."

एक्कावन्नाव्या दिवशी पहाटे काठावर बगळे बसले होते. नेहमीपेक्षा जास्त. या धंद्यातल्या माणसाला यापुढचं सांगावं लागत नाही. कोळंबी कडेला येऊन सुस्त पडलेली, अंग लालसर, डोक्यावरच्या कवचाला पांढरे ठिपके. चार दिवसांत सगळं संपलं. खाडी तीच, पाणी तेच, आणि शेजाऱ्याची दोन्ही तळी निघाली. बारीक निघाली, पण निघाली.

कित्येक वर्षं मी हे असं सांगत होतो की मी चुकीची जात निवडली. आता म्हणवत नाही. त्याचं बी वेगळं होतं, पण त्याची दाटीही निम्म्याहून कमी होती. त्याने बांधावर खेकड्यांसाठी जाळी लावली होती, मी लावली नव्हती. खेकडे रोग घेऊन एका तळ्यातून दुसऱ्यात जातात. मग त्याचं तळं बियाण्याने वाचलं, विरळ सोडल्याने वाचलं, जाळीने वाचलं की नशिबाने? माझंच बी पंचवीसच्या हिशोबाने सोडलं असतं तर? सांगता येत नाही. दोन तळ्यांत चार गोष्टी वेगळ्या असल्या की त्यातून काहीच सिद्ध होत नाही. पैदासकार सगळी घराणी एका तळ्यात टाकतो ते उगाच नाही. मी आणि दादाही एका तळ्यात वाढलो नाही. कोण पुढे गेलं याची मोजणी तिथेच बाद होते.

पुतण्याला मी एवढंच म्हणालो की ते पैसे तुझ्या बाबांचे होते, आणि बैल म्हातारे नव्हते. तो बराच वेळ पाण्याकडे बघत होता. मग म्हणाला, "बाबा कधी बोलले नाहीत." नाहीच बोलला तो. आजतागायत नाही. त्यानंतरच्या दिवाळीला गेलो तेव्हा गोठ्यात भाड्याचा ट्रॅक्टर उभा होता आणि दादा त्याच्या डिझेलचा हिशोब करत होता, एवढंच मी बघितलं.

संध्याकाळी आम्ही तिघं ओट्यावर बसलो. पुतण्याने वहिनीच्या बचत गटाकडून कर्ज घ्यायचं ठरवलं होतं हे तेव्हा कळलं. (वहिनी, तुम्हाला हे माहीत होतं आणि तुम्ही मला सांगितलं नाही, याची नोंद इथे करून ठेवतो.) मी म्हणालो, यंदा कर्ज नको आणि बीही नको. यंदा फक्त पाणी मोजा. रोज सकाळी सहाला आणि दुपारी तीनला, पाण्यात एक हात खोल थर्मामीटर धरायचा आणि वहीत लिहायचं. पाऊस झाला की तळं किती भरलं तेही. पुढच्या जुलैत थोडंसं बी आणू, दोन ठिकाणचं. तळ्यातच जाळीचे चार पिंजरे करू, दोन दोन करून, सगळ्यांत सारखी संख्या, सारखं खाद्य, लपायला सारखेच पाइपाचे तुकडे. बाकीच्या तळ्यात रोहू-कटला, म्हणजे वर्ष अगदीच वाया जायला नको. डिसेंबरच्या थंडीआधी काढून वजन करू. मग ठरवू कुठलं बी, किंवा कुठलंच नाही.

पुतण्याचा चेहरा उतरला. एक वर्ष नुसती वही? त्याला वाटलं होतं काका समुद्रावरून जादूचं बी घेऊन येतील.

दादा इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, "एक हात खोल का? वर ऊन लागतं, खाली गार असतं. दोन्हीकडे धरू की." मग थोड्या वेळाने, "आणि तू म्हणतोस ते मोठे नर. ते आधी काढून विकले तर? बारके मागून वाढतील ना? म्हणजे दोनदा विकता येईल." मोठे आधी काढून घेत जाणं ही स्कॅम्पीतली रीत आहे, तिच्यावर लोकांनी शोधनिबंध लिहिलेत. दादाने ती सुपारी कातरता कातरता काढली होती. मी पुतण्याकडे बघितलं नाही. गरज नव्हती, तो दादाकडेच बघत होता.

परत येऊन आता काही आठवडे झालेत. थर्मामीटर मी दिग्रसहून घेऊन दिला होता, साधा काचेचा. पहिले आठ दिवस पुतण्याच्या अक्षरातले वहीचे फोटो व्हॉट्सॲपवर येत होते, नंतर खाडे पडायला लागले. गेल्या आठवड्यापासून पुन्हा नियमित येतात, पण अक्षर दादाचं आहे. कालचं पान: सकाळी सहा, वर २७, खाली २६. दुपारी तीन, वर ३५, खाली ३०. शेजारी कंसात लिहिलंय, 'सावलीसाठी एका बाजूला पळसाच्या फांद्या टाकल्या आहेत. तिथलं वेगळं मोजू का?'

मोज म्हणून कळवलंय.